पसंती आणि साखरपुडा यांच्या मधले दिवस

जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक घरांनी गेल्या काही वर्षांत एक नवी पद्धत फारशी चर्चा न करता स्वीकारली आहे. पाहण्याचा कार्यक्रम पार पडतो, शेव-चिवडा आणि चहा होतो, दोन्ही घरांना स्थळ बरे वाटते आणि मग मध्यस्थ काका स्वतःच म्हणतात, "नंबर देऊन द्या एकमेकांना, बोलू द्या थोडे दिवस." त्यानंतर होकार कळवेपर्यंत जे काही आठवडे मिळतात, त्यांची कसलीही रीत ठरलेली नाही. साखरपुड्याला काय न्यायचे, टोपी-टॉवेल कोणाला द्यायचा, रुसलेल्या आत्याची समजूत कोणी घालायची, हे सगळे ठरलेले आहे; पण या आठवड्यांत आधी फोन कोणी करावा, किती वेळा करावा, उत्तर आले नाही तर काय समजावे, हे सांगू शकेल असे घरात कोणी नसते, कारण मोठ्यांपैकी कोणाच्याच वाट्याला हे दिवस आलेले नाहीत. माझ्या आईने वडिलांना लग्नाआधी एकदाच पाहिले होते आणि तेही धड पाहिले नव्हते.

ज्यांची ओळख कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी किंवा एखाद्या ॲपवर होते, त्यांच्याही वाट्याला असेच दिवस येतात. फरक इतकाच की त्यांच्या दिवसांना घरच्यांनी घातलेली मुदत नसते. दोन्हीकडे अवस्था सारखीच असते. समोरचे माणूस आवडू लागलेले असते, त्याच्यावर आपला काहीही हक्क नसतो आणि त्याचा निर्णय आपल्या हातात नसतो. या अवस्थेत माणसाची ओढ कधी समोरच्यावर ओझे होऊन बसते आणि ते होऊ नये म्हणून आपण जे वागतो त्यात आपण स्वतः कितपत शिल्लक राहतो, याविषयी मला लिहायचे आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तास संपल्यावर मागे रेंगाळणारे विद्यार्थी अभ्यासाची शंका विचारायला थांबलेले नसतात, हे मला आता चेहऱ्यावरूनच कळते. "मॅडम, मी फार चिकटते का हो?" असे एखादी विचारते. एखादा मुलगा मित्राचे नाव पुढे करून स्वतःचीच गोष्ट सांगतो. त्यांच्या बोलण्यातून दोन भीती वारंवार समोर येतात: आपण फार आतुर दिसलो तर किंमत कमी होईल, आणि आतुरता लपवली तर समोरचा भलत्याच माणसाच्या प्रेमात पडेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि मुलांना त्यांतून एकीचीच निवड करावी लागेल असे वाटत असते. माझे मत तसे नाही. ओढ असण्यात काहीच कमीपणा नाही. बिघडते ते तेव्हा, जेव्हा आपल्या मनातली अस्वस्थता शांत करण्याचे काम आपण कालपरवा भेटलेल्या माणसाकडे सोपवतो आणि ते सोपवले आहे हे कबूलही करत नाही.

माझ्या भाच्याचे उदाहरण त्याच्या परवानगीने सांगते. तो सुरतेला एका कापड कंपनीत हिशेबाचे काम पाहतो. यावल तालुक्यातल्या एका मुलीचे स्थळ त्याला आले. ती जळगावच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, वडिलांची केळीची बाग आहे. पाहणी झाली, नंबर दिले गेले, आणि पहिले काही दिवस दोघांचे बोलणे खरोखर छान रंगले. मागच्या वादळात बाग कशी आडवी झाली होती, घड धरलेली खोडे मोडून पडलेली पाहून वडील दोन दिवस जेवले कसे नव्हते, हे तिने त्याला सांगितले. त्याने तिला सुरतेतल्या एकाच खोलीत राहणाऱ्या चौघांच्या स्वयंपाकाच्या पाळ्या कशा लागतात, ते सांगितले. मग एका रात्री तिच्याकडून उत्तर आले नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते, तोही सुट्टी काढून आला होता. जेवणे झाल्यावर ओट्यावर बसलो असताना त्याने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आत्या, तूच वाच." त्या रात्रीचे त्याचे मेसेज एकाखाली एक होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी: "जेवण झालं का?" नऊ चाळीसला: "बिझी आहात का?" सव्वादहाला: "माझं काही चुकलं का?" त्याच्याखाली एक मेसेज पाठवून काढून टाकल्याची खूण. अकरा वाजून गेल्यावर: "ठीक आहे. बोलायचं नसेल तर राहू द्या. गुड नाइट." सकाळी साडेसातला तिचे उत्तर होते: "नाइट ड्यूटी होती. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तुम्ही ठीक आहात ना?"

मेसेजमध्ये अपमान करणारे काही नाही, वाईट शब्दही नाही. तरीही मला तो फोन हातात धरून वाईट वाटले, कारण दोन तासांत त्या मुलाने एक अख्खे नाते मनातल्या मनात जगून संपवले होते. काळजी, शंका, अपराधीपणा, राग आणि शेवटी फारकत, हे सगळे त्याने एकट्याने केले आणि त्या वेळी ती मुलगी कोणा रुग्णाचे सलाईन बदलत होती. रात्रभर काम करून बाहेर आल्यावर तिच्या वाट्याला काय आले, तर एका जवळजवळ परक्या माणसाची समजूत घालण्याचे काम. तिने ते नीट केले, पण "तुम्ही ठीक आहात ना?" या प्रश्नात आपुलकीबरोबर थोडी धास्तीही आहे, हे भाच्याला दिसत नव्हते. त्याला तो प्रश्न वाचून हायसे वाटले होते.

हे का होते, याची बरीच उकल झालेली आहे. ब्रिटिश मनोचिकित्सक जॉन बोल्बी यांनी लहान मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातल्या बंधाचा सिद्धांत मांडला आणि मेरी एन्सवर्थ यांनी सुमारे वर्षभराच्या बाळांचे निरीक्षण करून त्याला आधार दिला. आई थोड्या वेळासाठी खोलीबाहेर गेली आणि परत आली, की काही बाळे तिला बिलगून लवकर शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही बिलगतात पण रडायचे थांबत नाहीत, जवळ घेतले तरी रागाने पाय झाडतात. आणि काही जणू काही झालेच नाही अशी खेळण्याकडे पाहत राहतात. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या दोन संशोधकांनी हाच विचार मोठ्या माणसांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिला. त्यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हर भागातल्या एका वृत्तपत्रात प्रश्नावली छापून वाचकांकडून उत्तरे मागवली. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी स्वतःचे वर्णन जवळिकीत निर्धास्त राहणारे असे केले, सुमारे एक चतुर्थांश लोक जवळिकीपासून दूर सरणारे निघाले आणि सुमारे एक पंचमांश लोकांना समोरचा आपल्याला सोडून जाईल अशी सतत धाकधूक वाटत होती. परदेशातल्या एका वृत्तपत्राच्या वाचकांचे आकडे चोपडा-पाचोऱ्याच्या मुलांना जसेच्या तसे लावू नयेत, असे मी वर्गात सांगते. पण ती तिसरी धाकधूक मात्र मला दरवर्षी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत दिसते.

या धाकधुकीचे एक वैशिष्ट्य असे आहे की ती दिलाशाने भागत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी १९७६ मध्ये खिन्नतेने ग्रासलेल्या माणसांविषयी जे लिहिले, ते मला येथे फार उपयोगी वाटते. असा माणूस जवळच्यांना पुन्हा पुन्हा विचारतो की मी तुम्हाला हवा आहे ना. जवळचे हो म्हणतात. त्या होकारावर त्याचा विश्वास बसत नाही, कारण तो मागून मिळालेला असतो. म्हणून तो पुन्हा विचारतो. विचारणाऱ्याला नाही पण सांगणाऱ्याला थकवा येतो, त्याच्या स्वरात तो थकवा उतरतो आणि विचारणाऱ्याची शंका खरी ठरते. पुढे थॉमस जॉइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वारंवार दिलासा मागण्याचाच स्वतंत्र अभ्यास केला. आणि १९९६ मध्ये जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी दाखवून दिले की नाकारले जाण्याची ज्यांना विशेष भीती असते, ते समोरच्याच्या साध्या, दोन्ही अर्थ निघू शकतील अशा वागण्यातही मुद्दाम केलेला नकार वाचतात. लॉकरमध्ये ठेवलेला फोन त्यांच्या लेखी नकारच असतो.

नव्या ओळखीत हे अधिक बोचते, कारण तेथे दिलासा देण्याइतके समोरच्याच्या हातात काही नसतेच. बारा वर्षे संसार केलेली बायको नवऱ्याला "अहो, मी कुठे जाणार आहे?" असे म्हणू शकते आणि त्या वाक्यामागे बारा वर्षे उभी असतात. तीन वेळा फोनवर बोललेली मुलगी काय म्हणणार? तिला अजून स्वतःलाच माहीत नाही की ती कुठे जाणार आहे. तिच्याकडे जे नाही ते मागितले की ती एक तर खोटे देईल, नाही तर दूर जाईल. समंजस मुलगी दूर जाते आणि भिडस्त मुलगी खोटे देते. त्यातले दुसरे लग्नानंतर अधिक महागात पडते, असे मी पाहिलेले आहे.

फोनने या दुखण्याला खतपाणी घातले, हे खरे आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या आणि वाचूनही उत्तर दिले नाही ही गोष्ट डोळ्यांना दिसू लागली. त्याआधी पोस्टमनची वाट पाहणाऱ्याला निदान पत्र पोहोचले नसेल असे म्हणता येत होते. ती खूण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, मात्र आपली बंद केली की दुसऱ्याचीही दिसत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना ओळखीच्या पहिल्या दिवसांत ती बंदच ठेवायला सांगते, शेवटचे ऑनलाइन कधी होते तेही बंद ठेवायला सांगते, कारण त्या दोन्ही गोष्टींतून कळते फार थोडे आणि सुचते फार भलतेसलते. पण मूळ फोनमध्ये आहे असे मला वाटत नाही. फोन नसता, तर भाच्याने एसटी स्टँडवरच्या ओळखीच्या माणसाकडे तिची चौकशी केली असती.

आता दुसरी बाजू. भाच्याच्या खोलीवरच्या मित्रांनी त्याला जो उपाय सांगितला तो सगळीकडे सांगितला जातो: दोन दिवस मेसेज करू नको, तिने केला तर तीन तासांनी उत्तर दे, थोडा भाव खा, मग बघ कशी मागे येते. हा उपाय काही वेळा चालतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतली कबुतरे पिंजऱ्यातल्या ज्या कळीवर चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असे ती दाणा बंद झाल्यावर लवकर सोडून देत, आणि जेथे दाणा कधी मिळे, कधी मिळत नसे, ती कळ मात्र टोचत राहत. माणसालाही अनिश्चित माया धरून ठेवते. पण त्यातून जे उभे राहते ती आवड नव्हे, ती समोरच्याच्या मनात आपण मुद्दाम पेरलेली धाकधूक असते. ज्या त्रासाने आपण रात्री अकरापर्यंत जागे राहिलो, तोच त्रास तिला देऊन आपली सुटका करून घ्यायची, असा त्या सल्ल्याचा अर्थ होतो. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या मुलीला हे करावे, असे कोणी भल्या माणसाने म्हणू नये.

शिवाय भाव खाणारा माणूस चिकटणाऱ्या माणसापेक्षा मोकळा असतो असे मुळीच नाही. दोघांचेही लक्ष फोनवरच असते. एक जण उत्तर आले का हे पाहत असतो आणि दुसरा उत्तर द्यायला अजून किती मिनिटे बाकी आहेत हे पाहत असतो. दोघांनाही समोरच्याचा निर्णय आपल्याला हवा तसा वळवायचा आहे. एक जण आर्जवाने वळवतो, दुसरा टंचाई निर्माण करून. जो माणूस खरोखर निर्धास्त असतो, त्याला मेसेज दिसला आणि हात मोकळा असला की तो उत्तर देऊन टाकतो.

मुलींच्या बाबतीत हे सगळे आणखी अवघड आहे, कारण त्यांच्याकडून ओढ न दाखवण्याची अपेक्षा लहानपणापासूनच असते. मुलाने चार फोन केले तर घरात कौतुकाने हसतात. मुलीने एक केला तर "फार उतावळी दिसते" असे तिच्या पाठीमागे बोलले जाते, आणि बोलणाऱ्यांत बायका पुढे असतात, हे मला खेदाने लिहावे लागते. त्यामुळे मुली ओढ दाखवत नाहीत, पण तिच्या बदल्यात स्वतःला समोरच्याच्या पसंतीप्रमाणे घडवत राहतात. त्याला ट्रेकिंग आवडते ना, मलाही आवडते. त्याला नोकरी करणारी हवी, मला करायचीच आहे. त्याच्या आईला नको, मग माझीही काही हरकत नाही. चिकटण्याचा हा प्रकार कोणाच्या नजरेत भरत नाही, उलट त्याला समजूतदारपणा म्हटले जाते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी साक्री तालुक्यातली आहे. तिच्या घरात, शेतात, भांडणात, लाडात सगळीकडे अहिराणी. तिचे बोलणे पुण्यातल्या एका अभियंत्याशी चालले होते आणि ती त्याच्याशी अगदी निवडून निवडून पुस्तकी मराठी बोलत असे. एकदा ती माझ्याकडे आली असताना त्याचा फोन आला आणि त्याच वेळी तिच्यासोबत आलेल्या आईने दारातून हाक मारली, "चाल व माय, घर जावानं शे." त्या मुलीने ज्या वेगाने फोनचा आवाज बंद केला, तो वेग मी विसरलेले नाही. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मॅडम, त्याच्याशी बोलून झालं की मी इतकी दमते की मला झोप येते." मी तिला एवढेच विचारले की लग्नानंतर आई कधी पुण्याला राहायला आली, तर तू कुठले बटण दाबणार आहेस. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्याच आठवड्यात तिने त्याला फोनवर सांगितले की आम्ही घरी अहिराणी बोलतो आणि मला तीच अधिक येते. तो मुलगा म्हणाला की माझी आजी धरणगावची होती, मला बोलता येत नाही पण समजते. तो नाराज झाला असता तरी तिने सांगितले ते योग्यच झाले असते, कारण अशी नाराजी सुपारी फुटण्याआधी कळलेली केव्हाही बरी.

मात्र खरे वागणे म्हणजे सगळे ओतून टाकणे, असा जो समज अलीकडे झालेला दिसतो, तोही मला मान्य नाही. तिसऱ्याच फोनवर मागचे प्रेमप्रकरण, वडिलांची दारू, भावकीतला शेताचा खटला आणि स्वतःच्या मनाची सगळी पडझड सांगून मोकळे व्हायचे आणि वर म्हणायचे की मी आहे हा असा आहे, घ्यायचे तर घ्या. हे ऐकायला प्रामाणिक वाटते, पण नीट पाहिले तर त्यातही समोरच्याला घाईने बांधून घेण्याचा प्रयत्न असतो. एवढे ऐकल्यावर आता ती नाही कसे म्हणेल, अशी त्यामागची आशा असते. १९९७ मध्ये आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांच्या जोड्यांना ३६ प्रश्न देऊन सुमारे पाऊण तासात जवळीक निर्माण होते का, हे तपासले होते. ते प्रश्न प्रसिद्ध झाले, पण त्यांच्या मांडणीकडे कोणी फारसे पाहत नाही. सुरुवातीचे प्रश्न अगदी हलके आहेत, पुढचे हळूहळू खोल जातात, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यायचे आहे. जवळीक वाढली ती या पायरीपायरीने आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यामुळे. एकाने तासभर सांगायचे आणि दुसऱ्याने "हं, हं" करत ऐकायचे, यात सांगणाऱ्याचे मन हलके होते, पण ओळख पुढे सरकत नाही.

काही गोष्टी मात्र या पायरीपायरीच्या नियमात बसत नाहीत. दीर्घ आजार, कर्ज, आधीचे लग्न, लग्नानंतर कुठे राहायचे, नोकरी सोडायची की नाही, मूल हवे की नको, या गोष्टींवर समोरच्याचा निर्णय अवलंबून असतो, म्हणून होकार कळवण्याआधी त्या सांगितल्याच पाहिजेत. मन कधी दुखावले होते हे सांगायला वेळ लागला तरी चालतो. थकलेले कर्ज सांगायला वेळ लावणे ही फसवणूक आहे.

भाच्याला मी काय सांगितले ते आता लिहिते. मी त्याला म्हटले, तुला नक्की काय हवे आहे ते एकदा शोध. बराच वेळ आढेवेढे घेतल्यावर तो म्हणाला की ती कधी बोलू शकते आणि कधी नाही एवढे कळले तरी मला बरे वाटेल. ही साधी मागणी होती आणि ती त्याने एकदाही केली नव्हती. त्याऐवजी जेवण झाले का, बिझी आहात का, असे विचारले होते. मग त्याने तेथेच बसून लिहिले: "तुमची ड्यूटी कधी असते ते सांगाल का? म्हणजे त्या वेळी मी वाट बघणार नाही. मला तुमच्याशी बोलायला आवडतं. रोज बोलणं तुम्हाला जमत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटलं तरी चालेल." शेवटचे पाच शब्द त्याचे स्वतःचे आहेत आणि मला तेच सर्वांत आवडले. त्यात वाईट वाटेल हे लपवलेले नाही आणि ते वाटू नये याची जबाबदारी तिच्यावर टाकलेलीही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डमध्ये लावलेल्या ड्यूटीच्या तक्त्याचा फोटो पाठवला, स्वतःच्या ओळीखाली रेघ मारून. सोबत लिहिले होते की नाइटच्या आठवड्यात मला बोलणे जमणार नाही, झोप पूर्ण होत नाही; सुट्टीच्या दिवशी निवांत बोलू. म्हणजे रोज बोलणे तिने नाकारलेच होते. भाचा थोडा हिरमुसला, पण तक्त्यातला तिचा सुट्टीचा वार त्याने लगेच पाहून ठेवला. ओढ जशी होती तशीच राहिली. त्या ओढीचा पहारा मात्र उठला. नाइटच्या त्या आठवड्यात तो सुरतेला रोज संध्याकाळी मित्रांबरोबर तापीकाठी फिरायला जाऊ लागला. आपले मन रमवायला आपली स्वतःची माणसे, काम, छंद असावे लागतात आणि ते असले की नव्या माणसाकडे आपण भुकेल्या पोटी जात नाही, ही गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. तक्त्याने त्याला ती शिकवली. त्या दोघांचे पुढे काय झाले ते मी लिहिणार नाही, कारण परवानगी इथपर्यंतचीच आहे.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अस्वस्थ होणारा प्रत्येक जण विनाकारण अस्वस्थ होत नाही. समोरचा माणूस चार दिवस गोड बोलून आठवडाभर गायब होत असेल, विचारले की "तू फार विचार करतेस" असे म्हणत असेल, दुसरीकडेही बोलणी चालू ठेवून इकडे आशा दाखवत असेल, तर अस्वस्थ वाटणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. अशा वेळी स्वतःला समजावत बसू नये. स्पष्ट मागणीचा येथे आणखी एक उपयोग होतो. एकदा नीट विचारल्यावरही जो टोलवतो, त्याने उत्तर दिलेलेच असते.

आणि ओढीच्या नावाखाली चालणारी पाळत तर कधीच खपवून घेऊ नये. "लोकेशन पाठव", "फोन बिझी का होता", "डीपी बदल, सगळे बघतात", "मैत्रिणीबरोबर आहेस तर व्हिडिओ कॉल कर", असे अजून होकारही न कळवलेला मुलगा म्हणत असेल, तर त्याला किती प्रेम आहे याचे कौतुक घरच्यांनी करू नये. माझ्याकडे येणाऱ्या मुली हे सांगताना हसत असतात आणि सांगून झाल्यावर माझ्या चेहऱ्याकडे पाहतात. त्यांना मी स्पष्ट सांगते की हे आत्ताच घरी सांगा, आणि घरी सांगण्याची सोय नसेल तर मी येऊन सांगते. दोन घरांत मी गेलेही आहे.

मोठ्यांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण मुलांच्या अंगातली बरीचशी घाई त्यांची स्वतःची नसते. माझी वहिनी रोज रात्री सुरतेला फोन करून "काय म्हणते पोरगी? कळवायचं का त्यांना?" असे विचारत असे. मामा विचारत, मोठी बहीण विचारत असे, नात्यातल्या लग्नात भेटणारे प्रत्येक माणूस विचारत असे. मुलगा नऊ वाजून दहा मिनिटांनी जो मेसेज करतो, त्यामागे साडेआठला येऊन गेलेला आईचा फोन असतो, हे वहिनीच्या लक्षात आलेले नव्हते. मुलीकडे तर हे दुप्पट असते. तिचे वय मोजले जात असते, धाकट्या बहिणीचे स्थळ अडून राहिलेले असते आणि मुलाकडचे दुसरी मुलगी पाहतील ही भीती तिच्या आईच्या बोलण्यातून तिच्यापर्यंत पोहोचत असते. अशा दडपणाखाली दोन माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलतील, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

मी वहिनीला सुचवले की नंबर देताना दोन्ही घरांनी मिळूनच एक मुदत ठरवावी, तोपर्यंत कोणीही काहीही विचारू नये आणि मुदतीनंतर दोघांपैकी एकाने नाही म्हटले तर कारण मागू नये. कारण द्यावे लागणार आहे हे माहीत असले की माणूस नकार पुढे ढकलतो आणि तोपर्यंत समोरच्याला झुलवत ठेवतो. वहिनीला यातली कारण न मागण्याची अट पटायला वेळ लागला. "लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं?" हा तिचा प्रश्न खरा होता. "जमलं नाही" एवढे सांगायचे, असे आमचे ठरले. तिने कानबाईपर्यंतची, म्हणजे श्रावणातल्या त्या सणापर्यंतची, मुदत मान्य केली, मुलीच्या आईला स्वतः फोन करून ती सांगितली, आणि ती माउली पलीकडून म्हणाली की बरे झाले तुम्हीच बोललात, मलाही रोज विचारावेसे वाटत होते.